बाईचा पाय, पिवळा दिवा

गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागली की लोक आधी बॉनेट उघडतात. आमच्या घरात आधी माझ्या पायाकडे बघितलं गेलं.

"वयनी, तुमचो पाय सारको क्लचवर असता," माझा धाकटा दीर सुशांत म्हणाला. "बायलमाणसांचा तसाच. भियातत आणि दाबून धरतत."

सुशांत माझ्या गाडीत बसत नाही. बाई चालवते त्या गाडीत बसायची त्याला लाज वाटते. मग माझा पाय त्यानं बघितला कुठून? हे मी त्याला तोंडावर विचारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत अख्ख्या देवबागेला माझा पाय माहीत झाला. मासळी घेताना बायका विचारायच्या, "प्राजक्ता, गाडी लय पिता म्हणे गो तुजी?" जणू काही मीच गुत्त्यावर जाऊन येत होते.

आमचं घर खाडी आणि समुद्राच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर. तीन खोल्या पाहुण्यांना देतो. नवरा सुदेश मालवाहू जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावरच. सासऱ्यांना सगळं गाव भाई म्हणतं, घरातलेही भाईच म्हणतात. त्यांचा जन्म होडीवर गेला. आणि माझी लग्नानंतरची कित्येक वर्षं तव्यासमोर गेली. पाहुण्यांना कुडाळ स्टेशनावरून आणायला भाड्याची गाडी यायची आणि सुदेशनं सेकंडहँड घेतलेली आमची चांदेरी गाडी ताडपत्रीखाली झोपलेली असायची. एक दिवस मी ती ताडपत्री ओढून काढली. मालवणात जाऊन शिकले, परवाना काढला आणि पाहुण्यांना स्वतः आणायला लागले. सुरमई तळायला बाई ठेवली. त्यातून मला काय मिळालं ते समजावत बसत नाही. जी बाई भर दुपारी चुलीसमोरून उठून धामापूरच्या झाडीतून एकटी गाडी हाकत गेली असेल तिला ते आपोआप कळेल. बाकीच्यांना सांगूनही कळणार नाही.

गणपती झाले आणि गाडीला तहान लागली. पूर्वी एका टाकीत कुडाळच्या सहा फेऱ्या व्हायच्या, आता चौथीलाच काटा लाल रेघेवर. त्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. कुडाळच्या एका गॅरेजवाल्यानं मशीन लावून तो विझवून दिला. नेरूरपारचा पूल ओलांडेपर्यंत परत लागला. सुशांतनं त्याच्यावर सोपा इलाज केला. आपल्या वॉटर स्पोर्ट्सच्या धंद्याचा स्टिकर त्या दिव्यावर चिकटवला आणि म्हणाला, "आता बघूच नकात तेच्याकडे."

अशी माणसं आमच्याकडे धंदा करतात आणि मला म्हणतात, बाईला मशीनमधलं काय कळतं.

मी नखानं स्टिकर खरवडून काढला. पण तोपर्यंत त्यानं सुदेशला फोन केला होता. रात्री सुदेशचा मला फोन. "एवढं पेट्रोल जात असेल तर विकून टाकू. सुशांतकडे गिऱ्हाईक आहे. येत्या रविवारी बघायला येतोय. भाड्याची गाडी आधी यायचीच की."

आधी यायचीच की! आधी मी कुठे होते ते त्याला आठवलं नाही. मला आठवलं.

म्हणजे रविवारपर्यंत मला सिद्ध करायचं होतं की पेट्रोल माझा पाय पीत नाही, दुसरं कोणीतरी पितंय. ते कोण, हे घरात कोणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. फक्त भाई ओट्यावरून म्हणाले, "तिचो पाय बरो आसा. मी बसतंय ना बाजूक." पण भाईंचं घरात आता कोण ऐकतं? गुडघे गेले म्हणून मागच्या वर्षी होडी विकली, आणि होडीबरोबर त्यांच्या शब्दाचं वजनही विकलं गेलं.

मी शोधायला सुरुवात केली. पहिल्यांदा चाकांची हवा बघितली. बरोबर होती. मग वाटलं, खाऱ्या वाऱ्यानं ब्रेक गंजून चाकाला चिकटत असतील, म्हणजे गाडी स्वतःलाच ओढत चालली असेल. तारकर्लीपर्यंत जाऊन आले आणि उतरून चारही चाकांना हात लावून बघितला. चिकटणारं चाक तापतं, पण चारही सारखीच कोमट. गिअर काढून भाई आणि मी मिळून गाडी ढकलली, तर बोट लावल्यासारखी पुढे गेली. भाई खूश झाले. "होडी अशी सरकली असती तर पाच माणसा कशाक व्हयी होती!"

मग मी सायलेन्सरच्या नळीत बोट घातलं. काळंकुट्ट, काजळासारखं. हे मात्र माझ्या ओळखीचं होतं. कंदिलाची वात जास्त वर काढली की काच अशीच काळी होते. म्हणजे पेट्रोल येतंय, पण पुरतं जळत नाही. तेल जास्त, हवा कमी. मला एकदम मजा वाटायला लागली. रविवार, सुशांत, गिऱ्हाईक, सगळं बाजूला राहिलं. हिची वात कोण वर काढतंय?

दुसऱ्या दिवशी पुण्याचं जोडपं कुडाळला उतरलं. अर्ध्या रस्त्यात बाई नाकाला ओढणी लावून म्हणाली, "ताई, गाडीतून मासे नेता का हो?"

मला रागच आला. देवबागेत सुट्टीला यायचं आणि माशाचा वास येतो म्हणून तक्रार करायची. म्हटलं, "पुढं गेलात की सगळीकडे हाच वास येणार आहे. सवय करून घ्या."

"तसं नाही," ती म्हणाली. "स्टेशनवर बसलो तेव्हा नव्हता. आत्ता यायला लागला. आणि मासा नाही, माशाचं तेल जळल्यासारखं."

मासळीची टोपली ठेवली असती तर वास बसल्याबसल्याच आला असता. हा गाडी तापल्यावर येतोय. मी खोल श्वास घेऊन बघितला. मला काहीच येईना. जन्म किनाऱ्यावर गेला, आमच्या नाकाला तो वासच कळत नाही. पुण्याच्या बाईचं नाक मला उसनं मिळालं असतं तर बरं झालं असतं. तिला सोडताना मी माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या हो." पण जेवताना तिनं सोलकढी तेवढी घेतली.

शुक्रवारी मी गाडी चौके गावात बाबलीकडे नेली. बाबलीचं गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक खड्डा आणि बाबलीची बडबड. गाडी बघायच्या आधीच त्याचं निदान तयार असतं.

"इथेनॉल!" तो म्हणाला. "पेट्रोलात इथेनॉल घालतत ना आता, जुन्या गाडयेक झेपणा नाय. सगळ्यांचो ॲव्हरेज गेलो."

"सगळ्यांचो इतको गेलो? तिसरो हिस्सो?"

"तितको नाय," त्यानं मान खाजवली. "वायच वायच गेलो."

"मगे माजो इतको कशाक गेलो?"

"वयनी, राग मानू नका हां, पण तुमचो पाय..."

"बाबल्या, पाय म्हणालंस तर तुज्याच पान्यान तुका मारीन. मशीन लाव."

त्यानं मुकाट स्कॅनर लावला. त्यावर आलं की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. बाबली विजयी झाला. "बघा! कमी पडता. पंप गेलो असतलो. नाय तर इंजेक्टर."

"कमी पडता?" मी त्याला हाताला धरून मागे नेलं. "मगे हिचा ढुंगाण काळा कशाक?"

बाबलीनं नळीत बोट घातलं, बोटाकडे बघितलं, स्कॅनरकडे बघितलं. एक प्लग काढून बघितला. तोही काळा.

"मशीन म्हणता कमी," तो म्हणाला, "आणि प्लग म्हणता जास्त."

"म्हणजे दोघांतलो एक खोटा बोलता."

"प्लग कसो खोटा बोलात? तो तर जळान काळो झालो."

"मगे मशीनाक ही खबर कोण देता?"

हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नसावा. त्यानं आठवून आठवून सांगितलं. सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाशी, इंजिनाखाली, एक सेन्सर असतो. त्याचं एक नाक नळीत आणि एक बाहेर. आतल्या धुराची बाहेरच्या हवेशी तुलना करतो आणि इंजिनाला कळवतो, पेट्रोल कमी की जास्त. तो 'कमी' म्हणाला की इंजिन जास्त ओततं.

मी म्हटलं, "मगे तोच खोटो. तेची वायर काढ."

"दिवो विझाचो नाय, वयनी."

"नको विझूंदे. तो गप ऱ्हवल्यार गाडी काय करता ता माका बघूचा आसा."

वायर काढली. इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं मागे उकिडवे बसलो, एखाद्याच्या अंगातलं भूत उतरायची वाट बघावी तसे. आधी काही नाही. मग हळूहळू धुराचा डोळ्याला झोंबणारा उग्रपणा कमी झाला. इंजिनाचा आवाजही बसला, घसा साफ केल्यासारखा. वायर परत लावली, थोड्या वेळानं उग्र वास परत आला. परत काढली, परत गेला. बाबली तर लहान पोरासारखा काढ-घाल करायला लागला.

"सेन्सर मेलो!" तो ओरडला. "बदलूया. उद्या कुडाळसून हाडतंय."

"आणि नवो पण मेलो तर? ह्यो कित्याक मेलो ता आधी बघूया."

"वयनी, जुनी गाडी. म्हातारो होऊन मेलो."

हे वाक्य मला नको होतं. 'जुनी गाडी' हे सुशांतचं वाक्य. तेवढंच घेऊन घरी गेले असते तर रविवारी गिऱ्हाईकानं ताडपत्रीसकट गाडी नेली असती. मी साडी खोचली आणि खड्ड्यात उतरले. बाबली "ओ वयनी, ओ वयनी" करत बॅटरी घेऊन मागून उतरला.

खालून मी आपली गाडी पहिल्यांदा बघितली. आणि चमकलेच. सगळं तपकिरी, चिकट, चकचकीत. पत्रा, नळ्या, बोल्ट, वायरी, सगळ्यांवर एकसारखा जाड थर. नळीला तो जळून करपला होता, बाकी ठिकाणी गुळाच्या पाकासारखा. सेन्सरला तर त्यानं अंघोळच घातली होती. बाहेरची हवा घ्यायची त्याची वाट, वायर जिथून आत जाते तिथे, पुरती बुजलेली.

"म्हणजे भायरचा नाक बंद," मी म्हटलं. "बाहेर हवा कसली आसा ताच तेका कळणा नाय. म्हणान कायव सांगता."

"पण ह्या आसा काय?" बाबलीनं बोटानं थर खरवडला, वास घेतला आणि हसायलाच लागला. "वयनी! ह्या मुशीचा तेल! होडयेक लावतत ता! खंयच्या गाढवान लायला ह्या?"

मला कळलं होतं.

दरवर्षी पावसाच्या आधी होडी किनाऱ्यावर ओढतात आणि लाकूड कुजू नये म्हणून तिला मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल पाजतात. हे काम भाई दुसऱ्या कोणाला करू देत नसत. यंदा होडी नव्हती. तेलाचा डबा होता, हात होते, आणि दारात खाऱ्या वाऱ्यात उभी एकच वस्तू होती, जिला गंज चढेल म्हणून त्यांचा जीव तुटावा. मी तेव्हा माहेरी विजयदुर्गाला गेले होते. पावसात पाहुणे नाहीत, गाडी बहुतेक उभीच, म्हणून ते तेल तापून आत शिरायला गणपती उजाडले. मला कोणी सांगितलं नाही, कारण तेल लावणं ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. होडीला लावल्यावर तरी कोण सांगत फिरतं?

भाईंचा राग आला. आला नाही असं म्हटलं तर ती लबाडी होईल. माझ्या बाजूनं बोलणारा घरात एकच माणूस, आणि गळफास त्यानंच वळलेला. पण रागाबरोबर एक विचारही डोक्यात घुसला. हे चारचौघांत बोलले तर भाईंचं उरलंसुरलं जाईल. नाही बोलले तर माझं जाईल. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं. मी बोलणार. गेली कित्येक वर्षं घरातल्या सगळ्यांची अब्रू मी गप्प बसून सांभाळली, माझी कोणी सांभाळली?

शनिवारी बाबलीनं रॉकेलनं खालचा भाग जमेल तेवढा पुसून दिला आणि नवा सेन्सर लावला. दिवा विझला. कुडाळची एक फेरी केली, काटा पूर्वीसारखा आळसावून हलला. एका फेरीवरून शपथ घेता येत नाही, पण माझं मन सांगत होतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. कसालचा माणूस, गळ्यात साखळी. सुशांत त्याला गाडीभोवती फिरवत होता. "वयनींका ताब्यात ऱ्हवणा नाय हो, म्हणान विकतो. तुमच्याकडे पुरुषाच्या हातात बरी चालात."

मी जुना सेन्सर आणून ओट्यावर भाईंच्या पुढ्यात ठेवला.

"भाई, ह्येचो वास घ्या."

भाईंनी नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उजळला. "मुशीचा तेल! माज्याच डब्यातला. जून लागाच्या आधी लायलंय मी गाडयेक. खालसून सगळा. एक कोपरो सोडूक नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण ह्यो तुकडो कसलो?"

मी सांगितलं. सगळं, सोप्या शब्दांत, सुशांत आणि गिऱ्हाईक ऐकत असताना. या तुकड्याला बाहेरची हवा लागते. तेलानं ती बंद झाली. मग तो इंजिनाला खोटं सांगत राहिला आणि इंजिन पेट्रोल ओतत राहिलं. पिवळा दिवा त्यासाठीच लागला होता. माझा पाय यात कुठंच नव्हता.

मी भाईंकडे बघायचं टाळत होते.

आणि सुशांत हसायला लागला. पोट धरून. "भाईंनी गाडयेची होडी केली! अरे देवा! आता शीड पण लाव म्हणा!" गिऱ्हाईकही हसायला लागलं. भाईंनाही ओशाळं हसू आलं. "माका काय म्हायत, हेकाय नाक आसता?" शेजारची राधाबाई कुंपणाच्या दगडी गडग्यावरून विचारायला लागली, काय झाला, काय झाला. आणि सुशांत तिला सांगायला लागला, "भाईंची गंमत ऐकलंस?"

गंमत!

तेव्हा माझ्या डोक्यात जाळ झाला. इतके दिवस चूक माझी होती तेव्हा गाडी विकायची होती. आता चूक घरातल्या पुरुषाची निघाली, तर ती गंमत झाली. माझ्या पायाचा निकाल लावायला नवऱ्याला फोन गेला, गिऱ्हाईक बोलावलं. तेलाच्या डब्यासाठी कोणी फोन केला नाही. मला भाईंना शिक्षा नको होती. मला ती सोय हवी होती. चुकायची, आणि चुकूनही आपल्या जागेवर राहायची सोय.

"झाला ना आता, वयनी," सुशांत डोळे पुसत म्हणाला. "नाय विकणा गाडी. चालवा तुमी."

"'चालवा' म्हणणारो तू कोण?" मी म्हटलं. "तुज्याकडे परवानगी कोणी मागली?"

हसणं थांबलं.

मी सुदेशला फोन लावला, स्पीकरवर. जहाज आठवडाभर कांडला बंदरात होतं, म्हणून रेंज होती. त्याला सांगितलं. तोही हसला. मी त्याला हसून घेऊ दिलं. मग म्हटलं, "गाडी माझ्या नावावर कर."

"अगो, नावाचं काय घेऊन बसलीस? गाडी तुझीच आहे ना."

"माझी होती तर ती विकायला कसालचा माणूस आपल्या अंगणात कसा उभा आहे?"

फोनमधून नुसता क्रेनचा आवाज येत राहिला. गिऱ्हाईक आपल्या चपलांकडे बघायला लागलं.

"आल्यावर बघू," सुदेश म्हणाला.

"आल्यावर कागद करू. बघायचं ते आत्ताच बघून झालंय. आणि तोपर्यंत माझ्याशिवाय कोणी ती गाडी कोणाला दाखवणार नाही. हे तू आत्ता बोल. सुशांत ऐकतोय, भाई ऐकतायत, राधाबाईपण ऐकतेय."

मग तो बोलला. खुशीनं नाही, पण बोलला, शब्दाला शब्द. गिऱ्हाईक "येतंय हां" म्हणून निघून गेलं. सुशांत काहीतरी पुटपुटत जेटीकडे गेला. संध्याकाळपर्यंत माझ्या पायाऐवजी माझ्या जिभेची गोष्ट गावभर झाली असणार. होऊ दे. जिभेचं तरी खरं होतं.

मी मागे वळले तर भाई ओट्यावर नव्हते. गाडीच्या बाजूला वाळूत त्यांचे दोन सुकलेले पाय दिसत होते. पाय सोडून भाई पूर्ण गाडीखाली. गुडघे गेलेला माणूस खाली शिरला कसा कोण जाणे. रॉकेलचा बोळा घेऊन, बाबलीच्या हाताला न पोचलेलं तेल ते पुसत होते.

"भाई, राग इलो?" मी वाकून विचारलं.

"इलो," ते खालून म्हणाले. "माका एकट्याक आधी सांगूक होया होता."

"व्हय. पण एकट्याक सांगलंय असतंय तर गाडी गेली असती."

बोळा फिरत राहिला. मग थांबला.

"प्राजक्ता, ह्यो नवो नाकवालो. तेका हात लावणंय नाय मी. पण तेच्या फुडे नळी जाड झाली आसा, मडक्यासारकी. थंय काय आसता गो?"

मला माहीत नव्हतं. बाबलीला विचारायचं राहूनच गेलं होतं.

"सरका वायच," मी म्हटलं, आणि वाळूवर आडवी होऊन गाडीखाली शिरले.